जुन्या वहीतले अनुस्वार : ‘रिप्लेस ऑल’ कुठे चालतं, कुठे नाही?

वाईकरीण

माझी आत्याआजी शाळेत शिक्षिका होती. १९४९ पासून आठेक वर्षं तिने वह्या लिहिल्या : पाऊसपाणी, शाळा, माहेरच्या माणसांची ये-जा, मध्येच जात्यावरच्या ओव्या. त्या टाइप करून घरच्यांसाठी पुस्तक करते आहे. अर्धा मजकूर टायपिंगवाल्यांकडून करून घेतला, अर्धा मी मोबाइलवर केला. आता सगळं लिबरऑफिस रायटरमध्ये एका फाइलीत आहे.

लेखन अर्थातच जुन्या वळणाचं : नाहीं, कांहीं, मी गेलों, त्यानें, नांव, गांव, घरांत. माझ्या पुतण्या-भाच्यांना अडखळायला होऊ नये म्हणून ते आजच्या पद्धतीने करायचं ठरवलंय. एकेक शब्द हाताने बदलायचा तर दिवाळी येईल. फाइंड अँड रिप्लेसने किती उरकता येईल? आणि एक कोडं : ‘दुसऱ्या’ शोधलं की टायपिंगवाल्यांच्या पानांवरचेच सापडतात, माझ्या पानांवरचे सापडत नाहीत. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे दिसतात.

धावती_भेट

कंट्रोल एच दाबा, वर ‘नांव’, खाली ‘नाव’, रिप्लेस ऑल. पाच मिनिटांचं काम आहे.

मुद्रितशोधक

ताई, वरच्या सल्ल्याने जाऊ नका. ‘नांव’ ही अक्षरं ‘पानांवर’ या शब्दाच्या पोटात आहेत. रिप्लेस ऑल केलंत की ‘पानांवर’चं ‘पानावर’ होईल, तसंच ‘गांव’मुळे ‘भागांवर’चं ‘भागावर’. अनेकवचन गेलं आणि कुठे लाल रेघही येणार नाही, कारण ‘पानावर’ हाही बरोबरच शब्द. ‘दांत’चं ‘दात’ करायला जाल तर ‘वेदांत’ हातचा जाईल. मुद्रितशोधनात असली चूक सगळ्यात वाईट. ती चुकीसारखी दिसतच नाही.

‘होल वर्ड्स ओन्ली’वर खूण करून भागत नाही, कारण मग नांवाला, नांवानें, गांवची हे सगळे सुटतात. आपल्याकडे शब्द एकटा फार कमी वेळा येतो. त्यापेक्षा ‘अदर ऑप्शन्स’मध्ये ‘रेग्युलर एक्स्प्रेशन्स’वर (म्हणजे ठरावीक नमुन्याने शोधण्यावर) खूण करा, शोधायच्या चौकटीत ‘नांव’च्या आधी एक मोकळी जागा टाका आणि बदलायच्या चौकटीतही टाका. म्हणजे शब्दाच्या सुरुवातीचाच ‘नांव’ धरला जाईल, पुढे प्रत्यय कोणताही असो. परिच्छेदाच्या आरंभी किंवा अवतरणचिन्हाला चिकटून आलेले तेवढे उरतील. ते फाइंड नेक्स्टने एकेक पाहा. वडगांव, नवेगांव अशी गावांची नावंही वेगळी शोधावी लागतील.

शब्दाच्या शेवटचे अनुस्वार मात्र एका फटक्यात बरेच निघतात. ‘रेग्युलर एक्स्प्रेशन्स’वरची खूण तशीच ठेवा. शोधायच्या चौकटीत हे :

`([^ ]+[ीूेो])ं([ ,.;!?]|$)`

आणि बदलायच्या चौकटीत हे :

`$1$2`

अर्थ असा : दीर्घ ई, दीर्घ ऊ, ए किंवा ओ या मात्रेवर अनुस्वार असेल आणि त्यानंतर लगेच मोकळी जागा, विरामचिन्ह किंवा परिच्छेदाचा शेवट असेल, तर फक्त अनुस्वार काढ. नाहीं, गेलों, त्यानें, तूं, करणें सगळे सरळ होतात. संवादात तिने ‘केलं’, ‘असं’ लिहिलं असेल तर त्याला धक्का लागत नाही, कारण तिथे मात्राच नाही. ‘कांहीं’चं मात्र ‘कांही’ होऊन थांबेल, त्याला दुसरी फेरी.

काना मी मुद्दाम वगळलाय. जेव्हां, आतां यांचा अनुस्वार जायला हवा, पण ‘तुम्हां मुलांना’, ‘आम्हां बायकांना’ इथला आजही राहतो. तेव्हा जेव्हां, तेव्हां, आतां, कां हे शब्द एकेक करून बदला.

आता ‘घरांत’. इथे यंत्राला काही कळणार नाही, तुम्हालाच बसावं लागेल. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी व्युत्पत्तीचे अनुस्वार गेले, पण अनेकवचनी सामान्यरूपाचा राहिला. म्हणजे ‘घरांत कोणी नव्हतें’ याचं ‘घरात’ करायचं, आणि ‘आळीतल्या सगळ्या घरांत’ हे तसंच ठेवायचं. तिच्या लेखनात दोन्ही सारखेच दिसतात. ‘ांत’वाले शब्द फाइंड नेक्स्टने पुढे सरकत, वाक्य वाचून ठरवा. हे काम कंटाळ्याचं नाही हो. तिचं एकेक वाक्य पुन्हा वाचून होतं.

सुरुवात करण्याआधी फाइल वेगळ्या नावाने साठवा. सगळं झाल्यावर एडिट, ट्रॅक चेंजेस, कम्पेअर डॉक्युमेंट असं जाऊन मूळ फाइलशी ताडून पाहा. कुठे काय बदललं ते सगळं रंगीत दिसेल.

कळफलक

‘दुसऱ्या’चं कोडं : हा अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक म्हणजे नुक्तावाला ऱ (युनिकोडमधला ०९३१) आणि हलन्त. दुसरी म्हणजे साधा र (०९३०), हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर आकृती एकच, आत अक्षरं वेगळी.

उपाय सोपा आहे. मोबाइलवर केलेल्या पानातलं ‘ऱ्या’ कॉपी करून शोधायच्या चौकटीत चिकटवा, टायपिंगवाल्यांच्या पानातलं बदलायच्या चौकटीत. मग रिप्लेस ऑल, इथे धोका नाही. ऱ्यां, ऱ्हा, ऱ्हे यांचंही तसंच. आणि हे आधी करा, अनुस्वार नंतर.

वाईकरीण

काका, प्रतीवर करून पाहिलं, ‘नाहीं’ एकही उरला नाही! ‘ऱ्या’सुद्धा आता सगळे सापडतात. दोघांचेही मनापासून आभार. ‘घरांत’ला आज रात्री बसते. एकच विचारायचं राहिलं : ओव्यांचं काय करू? आणि दोन-तीन ठिकाणी तिने हिंदी भजनं उतरवली आहेत.

मुद्रितशोधक

भजनं जपा, नाहीतर ‘नहीं’, ‘में’, ‘क्यों’ यांचे अनुस्वार याच सूत्राने उडतील. ओव्यांनाही हात लावू नका. तिने ऐकल्या तशा लिहिल्या, तशाच छापा. तुम्ही प्रतीवरच केलंय ते बरं झालं. मूळ फाइलीच्या नव्या प्रतीवर करताना ओव्या आणि भजनं सोडून मधला मजकूर निवडायचा, ‘करंट सिलेक्शन ओन्ली’वर खूण करायची आणि मग रिप्लेस ऑल. दर तुकड्याला पुन्हा निवडावं लागेल, पण वहीत ओव्या कुठे आहेत हे तुम्हाला पाठच असेल.