'प्रीमो एर्मानो' : सख्खा की चुलत?

चिंचोका : एका स्पॅनिश कथेचा अनुवाद करतेय. निवेदक एकाला आपला 'प्रीमो एर्मानो' म्हणतो. मी 'सख्खा चुलतभाऊ' लिहिलं. संपादकांचा लाल शेरा : "एक काय ते ठरवा. सख्खा की चुलत?" आमच्या घरी तर सर्रास म्हणतात. चुकलं कुठे?

खवचट आजोबा : संपादक एकुलत्या एकाचे एकुलते एक असणार. आजोबा एक तर सख्खा चुलत, पणजोबा एक तर चुलत-चुलत. हे शेंबडं पोरही सांगेल.

निवडुंग : गंमत म्हणजे स्पॅनिशमध्ये अक्षरशः हेच आहे. लॅटिनमध्ये भाऊ म्हणजे 'फ्रातेर', आपल्या 'भ्रातृ'चा नातलग. सख्खा असेल तर 'फ्रातेर गेर्मानुस'. पुढे फ्रातेर गळाला आणि विशेषणच भाऊ होऊन बसलं : एर्मानो, पोर्तुगीजमध्ये इर्मांव. प्रीमोही तसाच. 'कोन्सोब्रीनुस प्रीमुस', म्हणजे 'पहिला चुलत-मावसभाऊ', यातला नुसता 'पहिला' उरला. बिचारा फ्रातेर मठात गेला, स्पॅनिश साधूंच्या नावामागे 'फ्राय' लागतं ते त्याचंच.

माडाखाली : मडगावला आमचे ख्रिस्ती शेजारी भावाला 'इर्मांव' म्हणायचे. मला लहानपणी ते त्याचं आडनाव वाटायचं. गेर्मानुस म्हणजे जर्मन ना? जर्मन लोक भाऊबंदकीवाले?

निवडुंग : नाही हो. 'गेर्मेन' म्हणजे अंकुर, त्यावरून. एका कोंबाचे.

शुद्धमती : 'सख्खा' हा 'सखा'चा अपभ्रंश, म्हणजे मित्र. नात्यासाठी 'सहोदर' हा नेमका शब्द असताना हट्ट कशाला?

खवचट आजोबा : सहोदर चुलतभाऊ? बाई, काकूंना काय तोंड दाखवायचं? आणि सख्खा 'स्वकीय'वरून आलाय, सख्यावरून नव्हे.

शुद्धमती : पुरावा?

खवचट आजोबा : तुमचा आधी.

निवडुंग : कोन्सोब्रीनुसमध्ये बहीण दडलीय बरं का. लॅटिन 'सोरोर', आपली 'स्वसृ'. मुळात ती बहिणी-बहिणींची मुलं.

शुद्धमती : मग व्युत्पत्तीप्रमाणे 'मावसभाऊ' लिहा. प्रश्न मिटला.

चिंचोका : अहो, आज प्रीमो कुणाचाही असतो! कथेत तो बापाकडचा की आईकडचा हे शेवटपर्यंत कळत नाही. स्पॅनिशला त्याची गरजच नाही; काका, मामा दोघेही 'तीओ'. मराठीत मात्र मला कुणाची तरी बाजू घ्यावी लागते. 'चुलत' मी अंदाजानेच ठोकलंय, आणि संपादकांनी ते सोडून भलतंच धरलं.

माडाखाली : आतेभाऊ करा. कुणी विचारत नाही त्यांना.

निवडुंग : स्पॅनिशमध्ये मूळ संख्येलाही 'प्रीमो'च म्हणतात. आणि कुणी सहज फसला तर 'आसेर एल प्रीमो', म्हणजे तो चुलतभाऊ झाला.

खवचट आजोबा : आपण मामा बनवतो, तसंच की!

माडाखाली : पण मामाच का? काकाला कुणी का बनवत नाही?

शुद्धमती : काका वाटणीत बनवून गेलेला असतो.