कॅरिबियन विद्यापीठांतले अव्वल पदवीधर: फर्स्ट क्लास, आयलंड स्कॉलर आणि पुढे काय?

शब्दवेध

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी कॅरिबियन बेटांवरच्या अव्वल पदवीधरांवर लेख करायचा आहे. वेस्ट इंडीज म्हटलं की आपली गाडी सोबर्स-रिचर्ड्सच्या पुढे सरकत नाही, म्हणून मुद्दाम हा विषय घेतला. तीन गोष्टींवर घोडं अडलंय.

एक, तिथल्या 'फर्स्ट क्लास ऑनर्स'चं मराठीत 'प्रथम वर्ग' केलं तर चालेल का? दोन, जुन्या चरित्रांत सतत येणारा 'आयलंड स्कॉलर' म्हणजे नेमका कोण? तीन, ही मुलं पुढे काय करू पाहतात? नुसत्या सत्कारमूर्तींची यादी नको आहे, ज्यांच्या कामाबद्दल ठोस लिहिता येईल अशी उदाहरणं हवीत.

खडूफळा

'प्रथम वर्ग' अजिबात करू नका. आपल्याकडे साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास मिळतो, त्यामुळे वाचक तेच समजून बसेल. 'फर्स्ट क्लास ऑनर्स' तसंच ठेवा आणि एका वाक्यात अर्थ द्या.

आधी विद्यापीठ पक्कं करा. इंग्रजी बोलणाऱ्या बेटांचं सामाईक विद्यापीठ म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट इंडीज. १९४८ मध्ये जमैकात मोना इथे, युद्धकाळात जिब्राल्टरहून हलवलेल्या लोकांसाठी बांधलेल्या छावणीच्या जागेवर, वैद्यकीच्या ३३ विद्यार्थ्यांनिशी ते सुरू झालं. तेव्हा पदवी लंडन विद्यापीठाची असे, स्वतःची पदवी १९६२ पासून. पुढे त्रिनिदादला सेंट ऑगस्टीन, बार्बाडोसला केव्ह हिल आणि २०१९ मध्ये अँटिग्वाला फाइव्ह आयलंड्स अशी आवारं झाली. गयानाचं विद्यापीठ वेगळं आहे, १९६३ चं. ग्रेनाडासारख्या बेटांवर मुख्यतः अमेरिकी विद्यार्थ्यांसाठी चालणारी खासगी वैद्यकीय कॉलेजं आहेत, त्यांचे पदवीधर तुमच्या यादीत घुसू देऊ नका. इंटरनेटवर शोधताना हा घोळ हमखास होतो.

आता गुणांचं गणित. साधारण बीए-बीएस्सी तीन वर्षांची, ९० क्रेडिट, म्हणजे तीन-तीन क्रेडिटचे ३० विषय. पहिल्या पातळीचे विषय पास व्हावेच लागतात, पण पदवीचा वर्ग ठरवताना ते धरत नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीची सरासरी ३.६० किंवा वर आली तर फर्स्ट. ३.०० ते ३.५९ अप्पर सेकंड. मोजपट्टी ४.३ ची आहे, ४ ची नव्हे: ए प्लस ४.३, ए ४.०, ए मायनस ३.७, बी प्लस ३.३.

मोजले जाणारे वीस विषय धरा. पंधरात ए मायनस आणि पाचात बी प्लस असेल तर बेरीज ७२, भागिले २० बरोबर ३.६०. फर्स्ट मिळाला. एक बी प्लस वाढला की ३.५८, आणि फर्स्ट गेला. म्हणजे दुसऱ्या वर्षाची सुरुवात ढिली झाली तर तिसऱ्या वर्षी ए आणि ए प्लस काढूनच भरपाई करावी लागते. वैद्यकी, कायदा, इंजिनिअरिंगचे नियम वेगळे आहेत, हे गणित तिथे लावू नका.

बोरूबहाद्दर

आयलंड स्कॉलरबद्दल. बेटावर विद्यापीठ नव्हतं तेव्हा सरकार दर वर्षी शालान्त परीक्षेतल्या एखाद-दोन मुलांना इंग्लंडला पाठवायचं. अख्ख्या बेटातून एक किंवा दोन! दुसरा-तिसरा आलेला मुलगा कितीही हुशार असला तरी कारकून किंवा शाळामास्तर व्हायचा. त्रिनिदादचे एरिक विल्यम्स १९३१ चे आयलंड स्कॉलर, पुढे ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि १९५६ पासून १९८१ मध्ये निधन होईपर्यंत देशाची धुरा.

पण लेखात जरा थांबून सांगावं असं उदाहरण सेंट लुशियाच्या आर्थर लुईस यांचं आहे. चौदाव्या वर्षी शाळेचा अभ्यासक्रम संपला, पण शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसायला वय कमी. मधली वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी. लिहिणं, टाइप करणं, फायली लावणं तिथेच अंगवळणी पडलं. १९३२ मध्ये परीक्षा जिंकली. व्हायचं होतं इंजिनिअर, पण काळ्या इंजिनिअरला ना सरकार नोकरी देणार ना गोऱ्यांच्या कंपन्या, हे उघड होतं. म्हणून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला वाणिज्य घेतलं. १९३७ मध्ये फर्स्ट, १९४० मध्ये पीएचडी, ३३ व्या वर्षी मँचेस्टरला प्राध्यापक, १९७९ चं अर्थशास्त्राचं नोबेल. मधल्या काळात मोनाला परतून तिथल्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि १९७० पासून कॅरिबियन विकास बँकेचे पहिले अध्यक्ष. त्यांना वेस्ट इंडीज विद्यापीठाचे 'पदवीधर' मात्र लिहू नका. ही चूक फार ठिकाणी दिसते.

तिथले खरे पदवीधर डेरेक वॉलकॉट. तेही सेंट लुशियाचे, मोनाहून १९५३ चे बीए, १९९२ चं साहित्याचं नोबेल. अठराव्या वर्षी आईकडून दोनशे डॉलर घेऊन त्यांनी पहिला कवितासंग्रह छापून घेतला आणि प्रती ओळखीच्यांना विकून पैसे वसूल केले. गयानाचे वॉल्टर रॉडनी १९६३ मध्ये मोनाहून इतिहासात फर्स्ट, २४ व्या वर्षी लंडनची पीएचडी. १९६८ मध्ये ते मोनालाच शिकवत होते. ऑक्टोबरमध्ये परदेशातल्या परिषदेहून परतले तर सरकारने त्यांना विमानतळावरूनच परत पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थी किंग्स्टनच्या रस्त्यावर उतरले. १९८० मध्ये जॉर्जटाउनला बॉम्बस्फोटात ते मारले गेले. अव्वल पदवीधर म्हणजे फक्त पदकं नव्हेत, हे दाखवायला याहून बोलकं उदाहरण माझ्या मते नाही.

आजची शिडी अशी: कॅरिबियन परीक्षा मंडळाची साधारण सोळाव्या वर्षीची सीसेक, मग दोन वर्षांची केप, प्रत्येक विषयाचे सहसा दोन युनिट. देशोदेशीच्या सरकारी शिष्यवृत्त्या केपच्या निकालावर ठरतात. घात होतो तो शाळेतल्या प्रकल्पाच्या गुणांनी. ते मंडळाकडे पोचलेच नाहीत तर लेखी पेपर कितीही छान गेला तरी निकालात श्रेणी येत नाही.

शब्दवेध

दोघांचेही आभार, विशेषतः ३.६० च्या गणितासाठी. आता तिसरा प्रश्न: शिकले की निघून जातात, हे कितपत खरं?

दर्यावर्दी

बरंचसं खरं. नाणेनिधीच्या २००६ च्या एका अभ्यासात उच्चशिक्षितांपैकी श्रीमंत देशांत गेलेल्यांचं प्रमाण जमैकासाठी सुमारे ८५ टक्के आणि गयानासाठी ८९ टक्के धरलं आहे. आकडा वापरताना एक जपा: लहानपणी आईबापांबरोबर गेलेले आणि तिकडेच कॉलेज केलेलेही यात मोजले जातात. 'मोनाच्या शंभरातले ८५ पळाले' असा अर्थ काढलात तर लेख चुकेल.

दुसरी बाजू कायद्यात दिसते. तिथे एलएलबी झालं म्हणजे वकिली करता येत नाही. पुढे किंग्स्टन, त्रिनिदाद किंवा नासाऊच्या लॉ स्कूलमध्ये आणखी दोन वर्षं काढून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पूर्वी त्यासाठी लंडन गाठावं लागे. याच वाटेने, केव्ह हिल आणि मग त्रिनिदादचं लॉ स्कूल, पॉला-मे वीक्स न्यायाधीश झाल्या आणि २०१८ मध्ये त्रिनिदादच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. सेंट व्हिन्सेंटचे एड्रियन सॉन्डर्सही तसेच, ते त्याच वर्षी कॅरिबियन न्यायालयाचे अध्यक्ष झाले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलऐवजी आपलं शेवटचं अपील आपल्याच न्यायालयात चालावं ही तिथल्या कायदेपंडितांची जुनी इच्छा. न्यायालय २००५ पासून चालू आहे, तरी जमैका आणि त्रिनिदादची अपिलं अजून लंडनलाच जातात.

तुम्हाला एकच प्रसंग सविस्तर घ्यायचा असेल तर सेंट व्हिन्सेंटचा सूफ्रिएर ज्वालामुखी घ्या. १९०२ च्या उद्रेकात तिथे सुमारे १,६०० माणसं गेली. डिसेंबर २०२० मध्ये विवरात लाव्ह्याचा नवा घुमट वाढू लागला. सेंट ऑगस्टीनच्या भूकंप संशोधन केंद्राची तुकडी बेटावर आली. तुकडीचे प्रमुख प्रा. रिचर्ड रॉबर्टसन मूळचे सेंट व्हिन्सेंटचेच. डोंगरावर भूकंपमापक वाढवले, घुमटाची मापं घेत राहिले आणि रेडिओवरून लोकांना साध्या भाषेत समजावत राहिले. अवघड होतं ते वेळ साधणं. घुमट महिनोन्‌महिने शांतपणे वाढू शकतो. लवकर गावं रिकामी केली तर लोक कंटाळून परत येतात, उशीर झाला तर १९०२. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हादरे वाढले, ८ तारखेला थरथर सलग होऊ लागली, आणि त्याच दुपारनंतर सरकारने लाल, म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यातल्या सुमारे सोळा हजार लोकांना हलवण्याचा हुकूम काढला. स्फोट ९ एप्रिल २०२१ ला सकाळी ८ वाजून ४१ मिनिटांनी झाला. राख बार्बाडोसपर्यंत गेली. स्फोटाने थेट एकही माणूस दगावला नाही.

बोरूबहाद्दर

सूफ्रिएरचं उदाहरण अगदी योग्य. फक्त एक जपा: याच नावाचे ज्वालामुखी ग्वादलूप, सेंट लुशिया आणि मॉन्सेरातलाही आहेत. पहिल्या उल्लेखालाच 'सेंट व्हिन्सेंटचा' लिहा. आणि 'सेंट ल्युसिया' नको, उच्चार 'लुशिया' आहे. लुईस आणि वॉलकॉट दोघांचा जन्म २३ जानेवारीचा, एक १९१५ चा, दुसरा १९३०. चौकट करायची असेल तर तिथे हे घाला.