प्रति: कॅथलिक शाळा कशासाठी?

वर एकांनी लिहिलंय की अमेरिकेतल्या कॅथलिक शाळा धर्मप्रसारासाठी निघाल्या. मला तरी ते मूळ कारण वाटत नाही. आपलीच पोरं हातची जाऊ नयेत ही धास्ती मोठी होती. एकोणिसाव्या शतकात तिथल्या सरकारी शाळांत रोज बायबल वाचलं जायचं, पण प्रोटेस्टंटांचं, किंग जेम्स नावाचं इंग्रजी भाषांतर. आयरिश स्थलांतरित बहुतेक कॅथलिक, त्यांना ते खुपायचं. फिलाडेल्फियात १८४४ साली याच वादाने पेट घेतला, दंगलीत सेंट मायकल आणि सेंट ऑगस्टिन ही चर्चेस जाळली गेली. (बायबलच्या भाषांतरावरून!)

बाल्टिमोरचा धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला भाग) अमेरिकेतला पहिला कॅथलिक, १७८९ चा. जॉन कॅरोल तिथले बिशप. त्याच बाल्टिमोरमध्ये १८८४ च्या धर्मसभेने (अमेरिकेतल्या बिशपांच्या बैठकीने) फर्मान काढलं: प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांत शाळा हवी. सगळीकडे ते जमलं नाही, हे वेगळं.

शाळा चालल्या त्या मुख्यतः नन्सच्या जिवावर, जेमतेम मानधनात. १९६० च्या दशकाच्या मध्याला विद्यार्थी ५० लाखांवर होते. पुढे नन्स कमी झाल्या, पगारी शिक्षक आले, फिया वाढल्या आणि शाळांना कुलपं लागू लागली.