मदत हवी आहे : ग्रॅनाइटमधलं अभ्रक आणि युरेनियम

नमस्कार मंडळी,

एमएस्सी भूशास्त्राच्या सेमिनारसाठी मी फ्रान्सच्या लिमूझँ भागातला सँ-सिल्व्हेस्त्र ग्रॅनाइट घेतला आहे. 1948 मध्ये तिथे ला क्रुझीलला पिचब्लेंड (युरेनियमचं काळं खनिज) सापडलं आणि पुढे खाणी सुरू झाल्या. या ग्रॅनाइटमध्ये गडद बायोटाइट आणि फिकट मस्कोव्हाइट अशी दोन्ही अभ्रकं आहेत. अॅल्युमिनियम भरपूर, कॅल्शियम कमी. अशा मॅग्मात बरंचसं युरेनियम मोनाझाइट, झिरकॉन या खनिजांमध्ये अडकून न राहता युरेनिनाइट (युरेनियम ऑक्साइडचं खनिज) म्हणून वेगळं होतं, आणि ते ऑक्सिजनयुक्त पाण्यात सहज विरघळतं. नंतर गरम पाण्याने काही ठिकाणी क्वार्ट्झ धुऊन नेलं आणि त्या पोकळ्यांत पिचब्लेंड साचलं. इथपर्यंत समजलं.

अडतंय ते अभ्रकापाशी. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली दुसऱ्याच एका ग्रॅनाइटची पातळ चकती पाहत होते. तपकिरी बायोटाइटमध्ये झिरकॉनच्या बारीक कणाभोवती काळपट वलय होतं, किरणोत्साराने उमटलेलं. शेजारचं बायोटाइट कडेकडेने हिरवं, क्लोराइट या खनिजात बदललेलं. तासभर तिथून नजर हलली नाही!

आता माझे प्रश्न. बायोटाइटचं क्लोराइट होताना त्यातलं फेरस लोह विरघळलेल्या युरेनियमचं क्षपण (रिडक्शन) करून त्याला तिथेच बसवतं का, की ते काम मुख्यतः बाहेरून आलेल्या द्रवांचं? मस्कोव्हाइट मूळचं की नंतरचं, हे टायटॅनियमवरून कितपत खात्रीने सांगता येतं? आणि मायक्रोप्रोबला (इलेक्ट्रॉनच्या झोताने खनिजातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राला) लिथियम दिसत नाही, मग अभ्रकातलं लिथियम तुम्ही कसं काढता?

कुणी प्रत्यक्ष अशा नमुन्यांवर काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.