‘स्टेप्स’ म्हणजे पायऱ्या, पावले की टप्पे?

प्रश्न:
घडीच्या शिडीसोबत द्यायच्या माहितीपत्रकाचा मी मराठी अनुवाद करत आहे. इंग्रजी मजकुरात ‘स्टेप्स’ हा शब्द एकाच पानावर तीन अर्थांनी आला आहे: शिडीच्या पायऱ्या, ती उघडण्याचा क्रम आणि अपघात टाळण्याचे उपाय. मी सगळीकडे ‘पायऱ्या’ लिहिल्यामुळे ‘चढण्यापूर्वी खालील पायऱ्या काळजीपूर्वक पाहाव्यात’ असे वाक्य तयार झाले आणि ते वाचून माझ्या सहकाऱ्याने खाली वाकून शिडीच्या तळाकडच्या दोन पायऱ्या तपासल्या. अशा वेळी कोणते शब्द वापरावेत?

उत्तर १:
सहकाऱ्याचे काहीच चुकले नाही. ज्यावर पाय ठेवायचा ती पायरी आणि पाय पुढे टाकला की पडते ते पाऊल, हा फरक मराठी पाळते. इंग्रजीचे दोन्हीकडे एकाच शब्दावर भागते. क्रमाच्या अर्थाने ‘पायरी’ चुकीची नाही, कारण गणितात उत्तर चुकले तरी पायऱ्यांचे गुण मिळतात, असे आपण सर्रास म्हणतो. मात्र जिथे खरीखुरी पायरी डोळ्यांसमोर आहे, तिथे ‘कृती’ किंवा ‘क्रम’ हेच शब्द बरे. ‘टप्पा’ मोठ्या, वेळ घेणाऱ्या कामाला शोभतो. नुसती खिटी सरकवण्याला टप्पा म्हणणे फारच भारदस्त होईल.

उत्तर २:
उपायांच्या अर्थी ‘पावले उचलणे’ वर्तमानपत्रांमुळे रुळले आहे, परंतु शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला ‘तातडीने पावले उचलावीत’ असे सांगणे धोक्याचे आहे! तिथे साधे ‘काळजी घ्यावी’ पुरते. नाचाच्या बाबतीत मात्र मी ‘स्टेप’ हाच शब्द ठेवतो, कारण ‘पदन्यास’ फक्त पायांपुरता असतो आणि नाचाच्या स्टेपमध्ये हात, मान, कंबर सगळेच येते. मनगटी घड्याळात मोजली जातात ती निःसंशय पावलेच. १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या अशाच एका यंत्राच्या नावाचा अर्थही ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा होता.

उत्तर ३:
थोडे अवांतर होईल, पण ‘स्टेपमदर’मधल्या ‘स्टेप’चा पायरीशी किंवा पावलाशी काही संबंध नाही. तो जुन्या इंग्रजीतील पोरकेपणा सुचवणाऱ्या वेगळ्या शब्दावरून आला आहे, म्हणून तिथे ‘सावत्र’ हाच शब्द योग्य. उलट दिशेनेही जपावे लागते: ‘पायरी सोडून बोलणे’ यातली पायरी मर्यादेची आहे आणि तिथे ‘स्टेप’ घातल्यास इंग्रजी वाचकाला काहीच कळणार नाही.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. आता मजकूर असा केला आहे: ‘शिडी पुढील क्रमाने उघडावी. चढण्यापूर्वी तिची प्रत्येक पायरी तपासावी. तोल जाऊ नये म्हणून सर्वांत वरच्या पायरीवर उभे राहू नये.’ सहकाऱ्याला पुन्हा वाचायला दिले. या वेळी त्याने सगळ्या पायऱ्या तपासल्या.