ब्राम्सची चौथी सिम्फनी: क्लायबरनंतर कुणाची ऐकावी?

चेलोवेडी

नमस्कार मंडळी. जर्मन संगीतकार ब्राम्सच्या चौथ्या सिम्फनीने (ई मायनर, ओपस ९८) सध्या मला झपाटलंय. माझ्याकडे तिचं एकच रेकॉर्डिंग आहे: कंडक्टर कार्लोस क्लायबर, व्हिएन्ना फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा, १९८०. जिथे विचारावं तिथे हेच नाव पुढे येतं आणि का येतं तेही कळतं. तिसऱ्या भागात ट्रँगल (तो किणकिणणारा धातूचा त्रिकोण) वाजू लागतो तेव्हा अख्खा ऑर्केस्ट्रा पेटल्यासारखा होतो. शेवटच्या भागात तर एक क्षण सैल पडत नाही.

पण पहिल्या भागात मला घुसमटायला होतं. व्हायोलिनची ती उतरत जाणारी सुरावट, दोन स्वर, मग विराम, पुन्हा दोन स्वर... मला त्या विरामांत जरा टेकायचं असतं आणि क्लायबर टेकू देत नाही. घाई म्हणावी तर तसंही नाही, पण श्वास पुरत नाही. शेवटच्या भागातल्या फ्लूटच्या जागी मात्र अगदी उलट. तिथे मी दर वेळी हातातलं काम सोडते.

म्हणून विचारते: या सिम्फनीचा दुसरा चेहरा दाखवणारं रेकॉर्डिंग कुठलं? 'सर्वोत्तम दहा' अशी यादी नकोय. तुम्हाला जे मनापासून आवडतं त्यात नेमक्या कुठल्या जागी काय ऐकू येतं, ते सांगा. जुनं, मोनो, खरखरीत, काहीही चालेल.

जुनीटेप

तुम्हाला हवा असलेला श्वास फुर्टवेंग्लरकडे मिळेल. बर्लिन फिलहार्मोनिक, २४ ऑक्टोबर १९४८ची मैफल ऐका. पहिलाच स्वर ऐका, तो 'बी'. बाकीचे कंडक्टर त्याच्यावरून पुढच्या ठोक्यावर उतरतात. फुर्टवेंग्लर तो स्वर हवेत धरून ठेवतो आणि व्हायोलिनं कुठून सुरू झाली ते कळतही नाही. जणू संगीत आधीपासून चालूच होतं आणि आपल्याला आत्ता ऐकू आलं.

आणि त्याच भागाचा शेवट! सुरुवातीला इतकं रेंगाळलेलं संगीत शेवटी कड्यावरून लोटून दिल्यासारखं धावत सुटतं. स्कोरमध्ये (लिखित स्वरलिपीत) एवढा वेग लिहिलेला नाही, हे मलाही माहीत आहे. पण ऐकताना माझी काहीच तक्रार उरत नाही.

खर्ज

चेलोवेडी, तुम्ही प्रश्न पहिल्या भागाबद्दल विचारलात, पण माझं उत्तर शेवटच्या भागापासून सुरू होतं. माझ्या लेखी या सिम्फनीचं कुठलंही रेकॉर्डिंग टिकतं की पडतं ते तिथेच ठरतं, आणि तेही तुमच्याच फ्लूटच्या जागी.

या भागाची रचना पासाकाल्याची आहे, म्हणजे तीच छोटी चाल फिरत राहते आणि तिच्यावर संगीत बदलत जातं. बाखच्या कँटाटा (गायक आणि वाद्यांसाठीची रचना) क्रमांक १५० मधला एक बास, म्हणजे सर्वांत खालच्या सुरांची ओळ, ब्राम्सने घेतला, त्यात एक चढा स्वर घातला आणि आठ बारची (बार म्हणजे तालाचा एक खंड) चाल तयार केली. आठ बार, आठ स्वर. पहिल्या तीन भागांत गप्प बसवलेले ट्रोम्बोन इथे पहिल्यांदा वाजतात आणि ती चाल मांडतात. मग तिच्यावर एकामागून एक तीस व्हेरिएशन्स (बदलती रूपं). तबल्याच्या एकलवादनात लेहरा जसा तोच तो फिरत राहतो आणि त्याच्या आधाराने सगळं घडतं, तशी ही आठ बारची चौकट शेवटपर्यंत फिरत राहते. ती मोडते फक्त कोडामध्ये, म्हणजे शेवटच्या समारोपात. म्हणजे लय सांभाळणं ही इथे शिस्तीची बाब नाहीच, रचनाच तिच्यावर उभी आहे.

आता फ्लूटची जागा. ते बारावं व्हेरिएशन. तिथे ब्राम्स ताल बदलतो: तीन पावमात्रांचा (क्वार्टर नोटचा) बार होता, तो सहा पावमात्रांचा होतो. आणि वर स्पष्ट लिहितो की पावमात्रा तेवढीच राहील. म्हणजे प्रत्येक बार आपोआप दुप्पट लांब होतो. संथपणा त्याने लिहूनच ठेवलाय, कंडक्टरने वेगळं काही करायची गरज नाही. तरीही बहुतेक जण तिथे आणखी संथ होतात. मग फ्लूट एकटाच सुंदर वाजत राहतो आणि खालची चौकट कानातून निसटते. त्यानंतर क्लॅरिनेट आणि ओबो, पुढे मेजरमध्ये (मायनरऐवजी उजळ स्वरांत) ट्रोम्बोनचे ते हळुवार सूर, आणि सोळाव्या व्हेरिएशनला मूळ चाल पुन्हा कडाडून येते. आधीच्या चार व्हेरिएशन्समध्ये नाडी हरवली असेल तर हे परतणं नुसताच मोठा आवाज होतो. नाडी टिकली असेल तर अंगावर काटा येतो, कारण ती चाल कुठे गेलेलीच नव्हती हे त्या क्षणी कळतं.

म्हणून माझं उत्तर क्लेम्पेरर. फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रा, १९५६-५७. नाव ऐकून लोक संथ-जड काहीतरी डोळ्यासमोर आणतात, पण हे रेकॉर्डिंग तसं नाही. पहिला भाग घड्याळात क्लायबरच्या बराच जवळ जातो. क्लायबरचा साधारण पावणेतेरा मिनिटांचा आहे, म्हणजे तोही काही पळत नाही. तुमची घुसमट वेगामुळे होत नसावी. क्लायबर वाक्य संपता संपता पुढच्या वाक्याकडे झुकतो, प्रत्येक विरामात पुढची ओढ भरतो. क्लेम्पेरर विराम विराम म्हणूनच सोडतो, रिकामा. तेवढ्यानेच श्वास मिळतो.

दुसरं म्हणजे बसण्याची रचना. क्लेम्पेरर पहिली व्हायोलिनं डावीकडे आणि दुसरी उजवीकडे बसवायचा. ब्राम्सच्या काळी बहुतेक ठिकाणी हेच चालायचं. त्यामुळे दोन गटांतली देवाणघेवाण खरोखर इकडून तिकडे जाताना ऐकू येते. आणि लाकडी वाद्यं! ती क्लेम्पेररकडे नेहमीच पुढे असतात. पहिल्या भागात मूळ सुरावट परत येते ती जागा काढून ऐका. ब्राम्स तिथे फसवतो: सुरुवातीचेच स्वर येतात, पण लांबवलेले, अगदी हलक्या आवाजात, लाकडी वाद्यांवर. प्रत्येक तुकड्यानंतर तंतुवाद्यांची धूसर लहर. आपण परत घरी आलोय हे कळेपर्यंत आपण आत पोचलेलो असतो. फुर्टवेंग्लर इथे जवळपास थांबतो, आणि तेही विलक्षण आहे, जुनीटेप यांच्याशी मी भांडणार नाही. पण क्लेम्पेरर काहीच करत नाही, स्वर नुसते ठेवतो. मला ते जास्त हलवून जातं.

क्लायबर मात्र हाताशी ठेवाच. तिसऱ्या भागात त्याच्यासमोर कुणी उभं राहत नाही.

दुसरं_व्हायोलिन

हौशी ऑर्केस्ट्रात ही सिम्फनी वाजवली आहे, त्यामुळे थोडं आतून सांगते. खर्ज यांनी म्हटलेली व्हायोलिनची देवाणघेवाण आमच्या खुर्चीवरून अगदी स्पष्ट जाणवते. दुसरी व्हायोलिनं पहिल्यांच्या मागे बसवली की आमचं अर्धं काम त्यांच्या आवाजात विरून जातं.

मी आणखी एका बाजूला बोट दाखवेन. ही सिम्फनी २५ ऑक्टोबर १८८५ रोजी जर्मनीतल्या मायनिंगेनला ब्राम्सच्याच संचालनाखाली पहिल्यांदा वाजली. तिथला दरबारी ऑर्केस्ट्रा पन्नासच्या आसपास वादकांचा होता. आजच्या मोठ्या ऑर्केस्ट्रात त्याहून खूप जास्त लोक बसतात. चार्ल्स मॅकेरस यांनी १९९७ मध्ये स्कॉटिश चेंबर ऑर्केस्ट्रा घेऊन चारही सिम्फनी त्या आकाराच्या जवळपास वाजवल्या. ऐकाल तेव्हा हॉर्नकडे लक्ष द्या. तंतुवाद्यांची भिंत पातळ झाली की हॉर्न आणि क्लॅरिनेट मधल्या सुरांत किती काही बोलत असतात ते कळतं.

दुसऱ्या भागाची सुरुवात यात अप्रतिम आहे. हॉर्न एकटे सुरू करतात. आपल्या कानाला ती भैरवी थाटाची जागा वाटते, रिषभ-गंधार कोमल. मग तंतुवाद्यं बोटांनी छेडायला लागतात आणि क्लॅरिनेट तीच चाल शुद्ध गंधार घेऊन गातात. एका स्वराने सगळा उजेड बदलतो. मोठ्या ऑर्केस्ट्रात हे सुंदर लागतं, पण इथे ते लख्ख दिसतं.

गार्डिनर यांचं २००८चं रेकॉर्डिंगही याच वाटेवरचं, जुन्या पद्धतीची वाद्यं घेतलेलं. त्यात सिम्फनीच्या आधी बाखच्या त्या कँटाटाचा शेवटचा कोरस गायलाय. एवढ्यासाठी तरी एकदा ऐकाच. मूळ बास कानात ताजा असताना शेवटचा भाग ऐकला की ब्राम्सने घातलेला तो एक स्वर टोचतो, आणि टोचावा म्हणूनच तो घातलाय.

फ्लूटबद्दल खर्ज यांच्याशी माझं पूर्ण जमत नाही. पावमात्रा तेवढीच हवी, मान्य. पण फ्लूटवादकाला त्या चढणीवर श्वास आणि वळण लागतं, आणि चांगला कंडक्टर ते देतो. काटेकोर लयीत तो भाग वाजवून घेतलेला मी ऐकला आहे आणि तो मेलेला होता.

खर्ज

वळण द्यावंच. नाडी आतल्या आत पुढे-मागे होऊ शकते. माझा आक्षेप आहे तो सगळा प्रवाह तिथे थांबवून नंतर नव्याने सुरू करण्याला.

चेलोवेडी

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! आज क्लेम्पेरर ऐकला. ते रिकामे विराम ऐकू आले. आणि सोळाव्या व्हेरिएशनला चाल परत येते तिथे खर्ज म्हणतात तसंच झालं. काटा आला.

दोन शंका. जुनीटेप, फुर्टवेंग्लरचं डिसेंबर १९४३चंही एक दिसतंय, बर्लिनचंच. मग ४८चं का? आणि दुसऱ्या भागातल्या चेलोंच्या सुरावटीसाठी (माझं नावच सांगतंय!) खास कुणाचं ऐकू?

जुनीटेप

४३चं अधिक जळतं आहे, हे खरं. शहरावर बॉम्ब पडत होते. ज्या फिलहार्मोनी सभागृहात हा ऑर्केस्ट्रा वाजवायचा ते पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, उद्ध्वस्त झालं. हे माहीत नसतानाही पहिल्या भागाच्या शेवटी काहीतरी भयंकर घडतंय असं वाटतं. पण ते ऐकायला मन घट्ट करावं लागतं, आणि मोठ्या आवाजाच्या जागी ध्वनी फाटतो. ४८मध्ये तीच दृष्टी आहे, मधले सूर जास्त स्पष्ट आहेत आणि दुसऱ्या भागात कुठेतरी सांत्वन आहे. आधी ४८, मग काही दिवसांनी ४३. एका बैठकीत दोन्ही ऐकू नका.

थेट मैफलींच्या रांगेत टोस्कानिनीचीही एक आहे, लंडन, १९५२, फिलहार्मोनियासोबत. शेवटच्या भागात मध्येच फटाक्यांचे आवाज येतात, कुणीतरी खोडसाळपणा केला होता. म्हातारा ढळत नाही. खर्ज यांना नाडी हवी असेल तर ती तिथेही आहे.

खर्ज

चेलोंसाठी ब्रूनो वॉल्टर, कोलंबिया सिम्फनी ऑर्केस्ट्रा, १९५९. वॉल्टर तेव्हा ऐंशी ओलांडलेला होता. पहिला भाग मला जरा मऊ वाटतो आणि तिसऱ्यात हवी तेवढी रग नाही. पण दुसऱ्या भागात चेलो ती सुरावट घेतात तेव्हा वरची व्हायोलिनं तिच्याभोवती काय विणतात ते वॉल्टर दाबत नाही, आणि तरी चेलो बुडत नाहीत. तीच सुरावट शेवटाकडे सगळ्या तंतुवाद्यांवर परत येते, भरदार होऊन. ती जागा आधीच्या जागेशी ताडून ऐका. बहुतेक कंडक्टर पहिल्याच वेळी सगळं देऊन टाकतात. वॉल्टर हातचं राखतो, म्हणून दुसऱ्या वेळी त्याच्याकडे द्यायला काही उरतं.

दुसरं_व्हायोलिन

वॉल्टरला माझंही मत. फक्त हेडफोनवर ऐकत असाल तर आवाज नेहमीपेक्षा जरा वाढवा, बासचं छेडणं त्याशिवाय नीट लागत नाही. आणि ४८च्या फुर्टवेंग्लरसाठी शक्य असेल तर हेडफोन काढून स्पीकर घ्या. मोनो समोरून आलेलं बरं वाटतं.