प्रतिसाद: रात्रीचे फोटो हलतात

रात्रीचे फोटो हलतात, म्हणजे धूसर येतात, या प्रश्नावर फ्लॅश लावा असं कुणीतरी सुचवलंय, पण मरीन ड्राइव्हच्या दिव्यांना फ्लॅशचा काय उपयोग हो, कॉम्पॅक्टचा, म्हणजे खिशात मावणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याचा, फ्लॅश जेमतेम ३-४ मीटर पोचतो, मग समोरचा माणूस पांढराफटक आणि मागे ठार काळोख. त्यापेक्षा फ्लॅश बंद, कॅमेरा सरळ कठड्यावर ठेवा, खाली रुमाल किंवा पाकीट सरकवून अँगल जमवा आणि २ सेकंदाचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्का लागत नाही. असा टेकवला की आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १०० वर ठेवून २-३ सेकंद शटर बिनधास्त उघडं ठेवता येतं.

आणि झूमचा मोह टाळा! वाइडला, म्हणजे झूम न करता, एफ २.८ असलेली लेन्स (हा आकडा वाढला की उजेड कमी आत येतो) फुल झूमला ५.६ च्या आसपास गेली की उजेड चौथाईवर येतो, त्यात हात हललेला जास्तच दिसतो, पुढे जाता येत असेल तर चार पावलं चालाच.

गणपतीत मंडपात कठडा कुठला मिळायला, तिथे बांबूला खांदा टेकवून आयएसओ ८००, बर्स्ट मोड (बटण दाबून धरलं की पटापट फोटो निघतात), एखादा तरी शार्प निघतो. थोडे दाणे दिसतील, दिसू देत. मूर्तीचा मुकुट उजेडाने नुसता पांढरा येत असेल तर एक्स्पोजर मायनस १ करून, म्हणजे फोटो थोडा काळोखा करून बघा.